एल्डरबीचे बारा बटरकप

१

ऑर्विन त्वेतच्या बैठकीच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर, जिथे पिवळं यंत्र असायला हवं होतं तिथे नुसता क्रोशाचा रुमाल होता. रुमाल धुतलेला, इस्त्री केलेला आणि अगदी एकटा.

"यंत्र कुठाय, ऑर्विन?" आर्लिस टॉलेफसनने विचारलं.

ऑर्विनने रुमालाकडे असं पाहिलं की जणू यंत्र त्याखाली सपाट होऊन बसलं असावं. "असेल इथेच कुठेतरी," तो म्हणाला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "उद्या आणखी बर्फ पडणार म्हणतात."

आर्लिसने त्याच्याकडे निरखून पाहिलं. सत्तरीला दोन वर्षं उरलेल्या या बाईने जन्म एल्डरबीत काढला होता. त्यातली एकवीस वर्षं गावच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या स्विचबोर्डावर बसून. एल्डरबीत कुणी खोटं बोलत नाही, ही गोष्ट खरी आहे. खोटं बोलायची वेळ आली की लोक हवामानावर बोलतात.

तिच्यामागे रमोना प्रुएट दारातच थिजली होती. बटरकप हे रमोनाच्या डोक्यातून निघालेलं यंत्र. सहा वर्षं तिने दुसरं काही केलं नव्हतं. कॉम्प्युटर म्हणावा तर आत साठवण नाही, खेळ नाहीत, काही नाही. टेलिफोनच्या तारेला जोडायचं, पत्रं वाचायची, पत्रं लिहायची, इंटरनेट बघायचं, बस. किंमत खऱ्या कॉम्प्युटरच्या पाचव्या हिश्श्याइतकी. ज्यांनी आयुष्यात कॉम्प्युटर घेतला नसता त्यांच्यासाठी ते होतं. मिनियापोलिसच्या शहाण्या लोकांनी तिला वेड्यात काढलं तेव्हा ती म्हणाली, चाळीस घरांत ठेवून दाखवते. ती चाळीस घरं एल्डरबीची. घरांची यादी केली आर्लिसने, आणि अडल्यानडल्यांनी फोन करायचा तोही आर्लिसलाच.

आता शुक्रवारी लॅम्पकिन नावाचा गृहस्थ यायचा होता. त्याच्या हाताखाली तीनशे दुकानं. तो गावातली घरं फिरणार, यंत्रं बघणार आणि हो किंवा नाही म्हणणार. नाही म्हणाला तर सोमवारी रमोनाच्या कचेरीला कुलूप. म्हणूनच दोघी आज घरोघर फडकं घेऊन निघाल्या होत्या, यंत्रांवरची धूळ पुसायला.

दुसऱ्या घरी यंत्र होतं. तिसऱ्या घरी होतं. चौथ्या घरी नव्हतं, आणि घरची बाई म्हणाली, "असेल इथेच कुठेतरी. रस्ते कसे होते?"

दुपारी एकपर्यंत चाळीस घरं झाली. बारा यंत्रं नाहीशी. दार एकही फुटलेलं नाही; फुटणार कसं, एल्डरबीत दाराला कुलूप लावतं कोण? आणि बारा घरांत मिळून एकानेही तोंडातून ब्र काढला नव्हता.

२

आर्लिसच्या स्वयंपाकघरात रमोनाने कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरला होता, पण प्यायली नव्हती.

"चोरी आहे ही, मिसेस टॉलेफसन. मला याचीच भीती होती. हुशार माणूस आतला भाग उघडतो, थोडी तोडजोड करतो, आणि स्वस्तात पुरा कॉम्प्युटर बनवून विकतो. इतर कंपन्यांचं असंच झालंय."

"आणि चोराच्या नावाने घरमालक चिडीचूप?"

"चोर ओळखीचा असेल तर?"

हे आर्लिसला पटलं नसलं तरी खोडता आलं नाही. तिने फाईल उघडली. चाळीस घरांकडून महिन्याच्या महिन्याला भरून घेतलेले कागद त्यात होते. यंत्र कसं वाटतं? ठीक आहे. काही तक्रार? नाही. चाळीस कागद, चार महिने, एकच उत्तर.

"एवढी समाधानी माणसं मी जगात पाहिली नाहीत," रमोना म्हणाली.

आर्लिसने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मुलगी शहरातली. तिला कोण सांगणार? एल्डरबीत लग्नाच्या जेवणाला, नव्या ट्रॅक्टरला, देखण्या नातवाला सगळ्यात मोठी दाद म्हणजे 'वाईट नाही'. 'ठीक आहे' हे दातदुखीबद्दल म्हणतात. पण तक्रार कुणीच लिहिली नव्हती, हेही खरं. कुणी आपण होऊन घरी वस्तू आणून दिली तर तिच्यात खोड काढायची नसते. आर्लिसने स्वतःच्या कागदावरही 'ठीक आहे' असंच लिहिलं होतं.

"एक सांग," ती म्हणाली, "यंत्र चालू झालं की तुमच्या कचेरीत कळतं ना?"

"कुठलं यंत्र जोडलं गेलं ते कळतं. कुठल्या घरून ते नाही कळत." रमोनाने फोन उचलला, मिनियापोलिसला लावला आणि बारा यंत्रांचे नंबर वाचून दाखवले. पलीकडचा माणूस बोलत राहिला. रमोनाचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"काय म्हणतो?"

"बाराही यंत्रं चालताहेत," रमोना म्हणाली. "जवळजवळ रोज. आपल्या चाळीसांत सगळ्यात जास्त वापर कुणाचा, तर या बारांचा." तिने फोनवर हात ठेवला. "आणि सात नंबरचं यंत्र या क्षणी चालू आहे. कुणीतरी पत्र लिहितंय."

सात नंबर म्हणजे ऑर्विनचं.

३

यंत्रं उघडून तोडजोड करू शकेल असा गावात एकच माणूस, ड्वाइट सोरम. रेडिओ, टीव्ही, गरम पाण्याच्या टाक्या, देवळातला ऑर्गन, जे बंद पडेल ते ड्वाइटकडे जायचं. दोघी त्याच्या दुकानात शिरल्या तेव्हा त्याने बाकावरची काहीतरी वस्तू टॉवेलखाली ढकलली. रमोनाने सरळ टॉवेल उचलला. खाली पिवळ्या प्लास्टिकचं झाकण होतं.

"हे बटरकपचं आहे!"

"आहे खरं," ड्वाइट कबूल झाला. "कान जरा सैल झाला होता. तारेचा. सारखं काढघाल केलं की होतो."

"सारखं काढघाल कोण करतं? आणि हे कुणाचं यंत्र?"

ड्वाइटने छताकडे पाहिलं. "या वर्षी तलावावरचा बर्फ चांगलाच जाड झालाय," तो म्हणाला. "अठ्ठावीस इंच."

"ड्वाइट," आर्लिस म्हणाली, "तू ती यंत्रं विकतोस का?"

"मी?" त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आर्लिस, तू मला बाप्तिस्म्याच्या दिवसापासून ओळखतेस!"

हे हवामान नव्हतं. हे उत्तर होतं, आणि खरं होतं. आर्लिस वळली आणि तिची नजर दुकानाच्या खिडकीवर गेली.

खिडकी रिकामी होती. त्या खिडकीत अठ्ठावीस वर्षं एकच वस्तू होती. गावचं एक्स्चेंज बंद झालं तेव्हा आर्लिसचा जुना स्विचबोर्ड ड्वाइटच्या वडिलांनी भंगारातून वाचवला होता आणि शोभेला तिथे ठेवला होता. बर्फाने चालणं बंद होईपर्यंत रोज दुकानावरून जाताना ती त्याच्याकडे बघायची, जुन्या शेजारणीकडे बघावं तशी. आता तिथे धुळीत फक्त चौकोन उरला होता.

"माझा बोर्ड कुठाय?"

"असेल," ड्वाइट क्षीण आवाजात म्हणाला, "इथेच कुठेतरी."

बाहेर आल्यावर रमोना म्हणाली, "जुना स्विचबोर्ड कोण चोरेल? त्याचा उपयोग तरी काय?"

"एका तारेवरचं बोलणं हव्या त्या घरात न्यायचं, एवढंच तो करतो." आर्लिसला वाईट वाटलं होतं आणि ते लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही. "चल, दक्षिणेच्या देवळात माझं भांडं राहिलंय, तेवढं घेऊ. शुक्रवारी तुझ्या लॅम्पकिनला जेवायला घालावं लागेल ना?"

एल्डरबीत लुथरन ख्रिस्त्यांची देवळं दोन, रस्त्याच्या दोन बाजूंना. १९१७ साली कशावरून तरी भांडण झालं होतं. कशावरून ते आता कुणाला सांगता येत नाही, पण म्हणून ते मिटवायचं थोडंच असतं? आर्लिस उत्तरेची. तरी मयत कुठल्याही बाजूचं असो, जेवणाला दोन्हीकडच्या बायका आपापलं भांडं घेऊन जातात. बटाटे, घेवडा आणि मटणाचा खिमा घालून भाजलेलं ते हॉटडिश, आणि भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर नाव. नाव नसेल तर भांडी बदलतात, आणि भांडी बदलली की १९१७ व्हायला वेळ लागत नाही.

दक्षिणेच्या स्वयंपाकघराची सत्ता लाव्हॉन एकब्लाडकडे. आर्लिसने तळघराचं दार ढकललं, तर आतून लाव्हॉनच आडवी आली. खांद्याने दार अडवून धरलं.

"भांडं ना? थांब हं, मीच आणते."

दार बंद झालं. अर्ध्या मिनिटात किलकिलं झालं, भांडं बाहेर आलं आणि परत बंद झालं. उणे पंधरा अंशांच्या थंडीत आर्लिस भांडं छातीशी धरून उभी राहिली.

"उद्धट बाई आहे का?" रमोनाने विचारलं.

"लाव्हॉन? अगं, ती जप्तीवाल्यालाही आधी केक देईल." आर्लिसने बंद दाराकडे पाहिलं. "अडुसष्ट वर्षांत मला या गावात कुणी कॉफी विचारल्याशिवाय परत पाठवलं नव्हतं. हे ठीक नाही, रमोना. हे मुळीच ठीक नाही."

४

बुधवारी सकाळी मिनियापोलिसहून यादी आली. आर्लिसच्याच बटरकपवर, पत्रातून. बारा यंत्रं केव्हा जोडली गेली आणि केव्हा सुटली, जानेवारीच्या आठ तारखेपासून. अक्षरं मुंगीएवढी. आर्लिसने भिंग घेतलं, पेन्सिल घेतली आणि बसली. एकवीस वर्षं तिने असल्याच नोंदी ठेवल्या होत्या. फोन कुणाचा, किती वाजता, किती मिनिटं.

अर्ध्या तासाने ती म्हणाली, "यातली दोन यंत्रं एका वेळी कधीच चालत नाहीत."

रमोना उठून आली.

"बघ ना. दहा ते दहा पस्तीस, चार नंबर. तो सुटला, दहा छत्तीसला अकरा नंबर. तो सुटला, मिनिटात सात नंबर. रोज असंच. बारा यंत्रं बारा घरांत असती तर कधीतरी दोघं एकदम बसले असते. ही सगळी एका ठिकाणी आहेत आणि तिथे टेलिफोनची तार एकच आहे."

"आणि एकाच यंत्रावर सगळ्यांनी का नाही..." रमोना मध्येच थांबली. "नाही जमणार. ज्याची त्याची पत्रं ज्याच्या त्याच्या यंत्रावरच उघडतात. दुसऱ्याच्या यंत्रावर आपलं पत्र दिसतच नाही. मीच तसं केलंय."

"म्हणजे ही चोरी नव्हे. आपली पत्रं वाचायला ज्याने त्याने आपलं यंत्र उचलून नेलंय." आर्लिसची पेन्सिल खाली सरकली. "आता हे बघ. बुधवारी आणि रविवारी सगळं गप्प. आणि शिवाय तीन दिवस मध्येच गप्प. चौदा जानेवारी शुक्रवार, सत्तावीस जानेवारी गुरुवार, आठ फेब्रुवारी मंगळवार. या तीन दिवसांत काय झालं?"

रमोनाला कुठून माहीत असणार? आर्लिसने भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. धान्याच्या दुकानाने फुकट दिलेलं ते कॅलेंडर म्हणजे तिची सगळी चोपडी. चौदा जानेवारीच्या चौकोनात लिहिलं होतं: 'म्हातारा लुंड. हॉटडिश.' सत्तावीसला: 'मिसेस हॉगन. हॅम सँडविच.' आठ फेब्रुवारीला: 'अ‍ॅक्सेल. हॉटडिश. भांडं राहिलं.'

तिन्ही मयतं दक्षिणेची. तिन्ही जेवणं एकाच तळघरात.

"बुधवारी आणि रविवारी तिथे पाद्री येतो, शाळा भरते. बाकीचे दिवस तो दुसऱ्या दोन गावांत असतो, देवळाच्या फोनला कुणी विचारत नाही." आर्लिसने डोक्याला हात लावला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! काल मी त्याच दारात भांडं घेऊन उभी होते."

"पण का?" रमोना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. त्यापेक्षा वाईट काहीतरी होतं. "घरच्यासाठी बनवलेली वस्तू घरातून उचलून, या थंडीत, तळघरात? माझ्या यंत्रात असं काय आहे की बारा घरांना ते घरात नको झालं?"

आर्लिसने उत्तर द्यायला बारा नावं कागदावर लिहायला घेतली. ऑर्विन त्वेत. सोरम. एकब्लाड. लिहिता लिहिता तिच्या लक्षात आलं की हात थांबत नाहीये. नावं ती यादीत बघून लिहीत नव्हती, तिला ती पाठ होती, आणि याच क्रमाने.

तिने पेन्सिल खाली ठेवली.

"काय झालं?"

"ही आग विझवणाऱ्यांची यादी आहे," आर्लिस म्हणाली. "गावातली बारा घरं. बंद खिडक्यांआड भोंगा ऐकू जात नाही, म्हणून आग लागली की मी या बाराजणांना फोन लावते. एक्स्चेंज गेलं तरी ते काम माझ्याकडेच राहिलं. यंत्रांची यादी करतानाही मी आधी यांचीच नावं घातली होती, सवयीने."

ती उठून खिडकीशी गेली. तीन जानेवारीची संध्याकाळ. हार्लन मोएनच्या गोठ्यावरचं आकाश लाल झालं होतं. तिने बाराही घरी फोन लावला. नऊ लागले, तीन लागले नाहीत. ती पुन्हा पुन्हा लावत राहिली. लाल आकाश बघून लोक एकमेकांना फोन करत असतील, असं तेव्हा तिने मनाला सांगितलं. माणसं कमी म्हणून बंबाची गाडी निघायला दहा मिनिटं उशीर झाला. हार्लनच्या अकरा गाई गेल्या. ती तीन घरं कुठली, हे आर्लिसने कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगून काय करायचं होतं? माणसांना आयुष्यभर मान खाली घालायला लावायची?

"रमोना," ती वळून म्हणाली, "तुझं यंत्र चालू असताना त्या घरी फोन केला तर काय होतं?"

रमोना हळूच खुर्चीत बसली.

"लाइन व्यग्र लागते," ती म्हणाली.

५

गुरुवारी साडेदहाला आर्लिसने तळघराचं दार वाजवलं नाही, सरळ उघडलं.

गोधड्या शिवायच्या लांब टेबलावर बारा पिवळी यंत्रं ओळीने मांडलेली होती. प्रत्येकाच्या कपाळावर चिकटपट्टी, तिच्यावर नाव. प्रत्येकापुढे एक घडीची खुर्ची. टेबलाच्या टोकाला आर्लिसचा स्विचबोर्ड, आणि त्याच्यासमोर, तारांच्या गुंत्यात हात अडकवून, लाव्हॉन एकब्लाड. कॉफीचा वास घमघमत होता. सात-आठ माणसं होती, आणि सगळीच्या सगळी एकदम आपल्या बुटांकडे बघू लागली.

"अरे वा," लाव्हॉन म्हणाली. "आज जरा ऊन आहे."

"लाव्हॉन, तू माझ्या बोर्डावर बसलीस? आणि ही लाल तार तू कुठे खुपसलीयस? अशाने एका वेळी दोघांना जोडशील!"

"मी सारखं ड्वाइटला सांगते, मला नाही समजत हे!" लाव्हॉन रडकुंडीला आली. "आर्लिसला बोलवा म्हटलं, तर म्हणे आर्लिस कंपनीचं काम करते, तिला वाईट वाटेल!"

कुणी हसलं नाही. ऑर्विन त्वेत खुर्चीवरून उठला. हातातली टोपी त्याने पिळून काढली होती.

"माझीच लाइन होती, आर्लिस," तो म्हणाला. "ओरेगॉनची नात. पहिला दात पडला होता तिचा, ते लिहीत होती. एकेक अक्षर शोधून. मी वाट बघत बसलो. खिडकीकडे पाठ होती माझी." "हार्लन अजून मला रोज नमस्कार करतो. त्याला माहीत नाही."

"मला माहीत होतं, ऑर्विन. मी तुला अकरा वेळा लावला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललास?"

एल्डरबीचा स्वभाव म्हणजे सोसायचं आणि वर हसून हवामान सांगायचं. भीड भिकेची बहीण म्हणतात; इथे ती घरोघर राहते.

"आम्ही बाराजणांनी ठरवलं," ड्वाइट हळूच म्हणाला. "आपल्या घरची लाइन आता कधीच अडवायची नाही. पण यंत्र परत करायचं म्हणजे... त्या बाईंनी इतक्या आपुलकीने दिलेलं. आणि खरं सांगू? सोडवेनासं झालं. लाव्हॉनचा मुलगा नौदलात आहे, तो रोज लिहितो. फोन त्याने वर्षात दोनदा केला असेल."

रमोना टेबलाच्या कडेने एकेका यंत्राच्या पाटीवरून बोट फिरवत गेली. ती परत आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते तिने लपवलं नाही.

"उद्या लॅम्पकिन येतोय," ती म्हणाली. "आज सगळी यंत्रं घरोघर नेऊन ठेवली तर? एका दिवसापुरती?"

"ठेवू की," ऑर्विन लगेच म्हणाला. "ठेवू ना," लाव्हॉन म्हणाली. ड्वाइट तर पहिलं यंत्र उचलायलाच लागला. नाही म्हणायची त्या बाराजणांत एकाचीही छाती नव्हती.

"खाली ठेव ते," आर्लिस म्हणाली. "रमोना, तू मागशील ते ही माणसं देतील, म्हणून जपून माग. तीनशे दुकानांतून ही यंत्रं जातील. एल्डरबीसारखी किती गावं असतील त्यांच्या वाटेवर? तिथेही कुणी काही बोलणार नाही. सगळे लिहितील, ठीक आहे."

रमोनाने ओळीने मांडलेल्या यंत्रांकडे पाहिलं. सहा वर्षं एका पारड्यात होती, आणि दुसऱ्या पारड्यात काय होतं ते तिला ऑर्विनच्या हातातल्या टोपीत दिसत होतं.

"असू द्या इथेच," ती शेवटी म्हणाली. "त्याला इथे आणते."

६

लॅम्पकिन उंच, वाळका आणि घाईतला माणूस होता. तळघरात उतरून त्याने बारा यंत्रं पाहिली, स्विचबोर्ड पाहिला आणि घड्याळ पाहिलं. तोवर लाव्हॉनने त्याच्या एका हातात कॉफी आणि दुसऱ्यात लिंबाचा केक दिला होता, त्यामुळे त्याला निघता येईना.

"हे घरगुती यंत्र आहे असं मला सांगितलं होतं," तो म्हणाला. "हे तर देवळात आहे."

रमोनाने त्याला सगळं सांगितलं. आग, तीन घरं, अकरा गाई. काही राखून ठेवलं नाही. ऑर्विन भिंतीशी उभा राहून ऐकत होता. त्याच्या शेजारी हार्लन मोएन होता. ऑर्विन काल संध्याकाळी स्वतः त्याच्या घरी गेला होता. तिथे काय बोलणं झालं ते कुणालाच कळलं नाही, पण आज हार्लनने त्याला आपल्या गाडीतून आणलं होतं.

"मग यंत्रात दोष आहे म्हणायचा," लॅम्पकिन जमलेल्यांकडे वळला. "काय हो, काय दोष आहेत?"

कुणीतरी खोकलं.

"बर्फ..." ड्वाइटने सुरुवात केली.

"थांब," आर्लिस म्हणाली. आपल्या माणसांना ती ओळखून होती. "लॅम्पकिनसाहेब, असं विचारून जन्मात कळणार नाही. लाव्हॉन, ऑर्विनला या यंत्राचा काय त्रास होतो गं?"

लाव्हॉनचा चेहरा उजळला. स्वतःबद्दल नव्हे, शेजाऱ्याबद्दल बोलायचं होतं. "बिचाऱ्याला अक्षरं दिसत नाहीत हो! नाक लावून बसतो. मोठी करायची सोयच नाही."

"आणि लाव्हॉनला," ऑर्विनला कंठ फुटला, "बटणं फार घट्ट लागतात. संधिवात आहे तिला. बोलणार नाही ती."

"सोरमकडे पत्र अर्धं लिहून उठलं की पुसलं जातं!"

"जोडताना ते किंचाळतं ना, तेव्हा हॉगनांचा कुत्रा टेबलाखालून बाहेर येत नाही!"

बांध फुटला. चार महिन्यांत न लिहिलेलं सगळं बाहेर आलं, दुसऱ्याच्या नावाने, दुसऱ्याच्या काळजीने. रमोना वहीत लिहीत होती, पानं उलटत होती, रडत होती आणि हसत होती. शेवटी हार्लन मोएन बोलला. "आणि फोन आला की यंत्राने लाइन सोडायला हवी," तो म्हणाला. "ऑर्विनसाठी म्हणतोय."

लॅम्पकिनने केक संपवला होता. त्याने टेबलाभोवती चिकटपट्ट्या वाचत एक फेरी मारली.

"मी गेल्या वर्षी असली सहा यंत्रं पाहिली," तो म्हणाला. "यापेक्षा देखणी. त्यांच्याबद्दल लोकांची एकही तक्रार नव्हती. ती कपाटात पडून होती." त्याने टोपी घातली. "या माणसांनी तुमचं यंत्र घरातून हलवलं, पण आपल्यापासून हलवलं नाही. लाइन सोडायला शिकवा त्याला. जूनमध्ये दाखवा, मग बोलू. हो म्हणत नाहीये मी."

"पण नाहीही म्हणाला नाहीत," लाव्हॉन म्हणाली आणि त्याच्या खिशात केकचा आणखी एक तुकडा कागदात बांधून घातला.

जूनच्या दोन तारखेला दुपारी आर्लिस आपल्या स्वयंपाकघरात नव्या बटरकपपुढे बसली होती. अक्षरं पावट्याएवढी. ती ऑर्विनला पत्र लिहीत होती. ऑर्विन चार घरं पलीकडे राहतो, पण त्याला पत्रं आलेली आवडतात. अर्ध्या ओळीवर असताना भिंतीवरचा फोन खणखणला.

आर्लिस दचकली. यंत्राने निमूट लाइन सोडली होती. अर्धं पत्र पडद्यावर तसंच होतं, एक अक्षरही गेलं नव्हतं. तिने फोन उचलला.

"मिसेस टॉलेफसन?" रमोना बोलत होती. "लॅम्पकिन शेजारच्या खोलीत बसलाय. तुम्ही यंत्रावर होता का आत्ता?"

"होते की."

"आणि फोन लागला?"

"लागला म्हणून तर बोलतेयस, बाई."

"मग..." रमोनाने श्वास घेतला. "कसं आहे?"

आर्लिसने यंत्राकडे पाहिलं. गोठ्यावरचं लाल आकाश तिला आठवलं, अकरा वेळा फिरवलेला तो नंबर आठवला.

"वाईट नाही," ती म्हणाली.

तारेच्या त्या टोकाला रमोना हुंदके देत रडायला लागली. चार महिन्यांत पोरगी एल्डरबीची भाषा शिकली होती.